डोक्यावर बसलेली

या, ओळख करून देतो. ही अ‍ॅपॉस्ट्रॉफी. इंग्रजीच्या घरातली. चण इतकी लहान, की छापताना शाई जरा फिकी पडली तर ही आहे की नाही याचाच पत्ता लागू नये. हिचा हुबेहूब दिसणारा भाऊ स्वल्पविराम खाली, ओळीच्या पायथ्याशी बसतो आणि गुमान आपलं काम करतो. ही मात्र वर, अक्षरांच्या डोक्याशी, जिथून सगळी ओळ दिसते अशा जागी. भाऊ चुकला तर वाचणारा क्षणभर अडखळतो आणि पुढे जातो. ही चुकली तर माणसं वर्तमानपत्रांना पत्रं लिहितात, नगरपालिकेशी भांडतात, रात्री लांब दांडी घेऊन घराबाहेर पडतात. दांडीची गोष्ट खरी आहे, ती पुढे येईल.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवा: ती बोलत नाही. प्रश्नचिन्ह आलं की आवाज चढतो, पूर्णविराम आला की श्वास थांबतो. हिच्या येण्याजाण्याने उच्चारात तसूभर फरक पडत नाही. नुसतं 'इट्स' ऐकून त्यात ती आहे की नाही, हे इंग्लंडच्या राजालाही सांगता यायचं नाही. 'बॉइज रूम' म्हटलं तर खोली एका मुलाची की दहा मुलांची, कानाला दोन्ही सारखंच. तिचं सगळं बोलणं डोळ्यांशी. म्हणून तर श्रुतलेखनात ती मुलांना इतकं छळते. बाईंनी कितीही सावकाश वाचलं तरी त्या वाचण्यात ती नसतेच. मुलाने ती स्वतःच्या डोक्यातून आणायची असते.

मग तिचं काम काय? गैरहजेरी नोंदवणं. अक्षर गळलं की त्याच्या जागी जाऊन बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खुणेने सांगायचं, इथे कुणीतरी होतं. व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युशियसच्या छापखान्यातून १५०१ साली पेत्रार्कच्या कवितांचं पुस्तक निघालं, त्यात ती इटालियन ओळींमध्ये हेच करताना दिसते. १५२९ मध्ये जोफ्रुआ तोरी या फ्रेंच मुद्रकाने आपल्या भाषेसाठी तिची शिफारस केली, आणि सोळावं शतक निम्मं सरता सरता ती खाडी ओलांडून इंग्रजीत आली. 'डू नॉट'मधला दुसरा 'ओ' गेला, तिथे ती बसली. 'ऑफ द क्लॉक'मधली चार अक्षरं गेली, तिथेही ती एकटीच बसली, आणि आज 'ओ’क्लॉक' म्हणताना कुणाला त्या चार जणांची आठवणही होत नाही. तिला होते.

गेलेल्यांची जागा धरून ठेवायचा हा हट्ट काहींना फार पटला. 'अ‍ॅलिस' लिहिणारे लुइस कॅरल हे ऑक्सफर्डला गणित शिकवणारे गृहस्थ. 'शॅल नॉट'चं आखूड रूप लिहिताना अक्षरं दोन ठिकाणी गळतात, तर चिन्हंही दोन हवीत, असा त्यांचा हिशेब होता, आणि १८९३ च्या एका प्रस्तावनेत त्यांनी तो वाचकांना समजावूनही सांगितला. शेवटपर्यंत ते त्या एवढ्याशा शब्दात दोन दोन अ‍ॅपॉस्ट्रॉफी बसवत राहिले. मला या माणसाबद्दल आदर वाटतो. प्रत्येक गेलेल्याला स्वतंत्र खूण, हा न्याय आहे.

उलट बर्नार्ड शॉ. ज्यांच्या 'पिग्मॅलियन'वरून पु. लं.नी 'ती फुलराणी' लिहिलं, तेच हे शॉ. त्यांना ही डोळ्यांसमोर नको असे. पानभर पसरलेले जंतूच म्हणत ते तिला, आणि आपल्या छापील नाटकांमधल्या 'डोन्ट', 'कान्ट', 'वोन्ट'मधून त्यांनी तिला हाकलून दिलं होतं. पण पुरतं हाकलणं त्यांनाही जमलं नाही. 'ही विल'चं आखूड रूप तिच्याविना लिहिलं की त्याचा 'हेल', म्हणजे नरक होतो. 'आय विल'चा आजारी माणूस होतो. अशा जागी शॉनी मुकाट्याने दार उघडलं आणि तिला आत घेतलं.

तिचा एक गुण मात्र शॉनी पाहायला हवा होता. गरज संपली की ती स्वतःहून उठून जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'बस', 'फोन' आणि 'फ्लू' हे शब्द इंग्रजीत तिला पुढे घेऊन लिहिले जात, कारण 'ऑम्निबस', 'टेलिफोन' आणि 'इन्फ्लुएंझा' यांची डोकी उडालेली लोकांना ठाऊक होती. पुढे 'बस' हाच पुरा शब्द वाटू लागला. त्याचं काही हरवलंय हेच कुणाला आठवेना, तेव्हा ती न बोलता निघून गेली.

या घराण्याची एक शाखा आपल्याकडेही आहे. 'सोऽहम्'मधला तो नागमोडी अवग्रह पाहा. 'सः' आणि 'अहम्' एकत्र आले, 'अ' गळला, आणि त्याच्या जागी अवग्रह येऊन बसला. काम तंतोतंत तेच, आणि दोघांची भेट तर कधी झालेलीच नव्हती. पण मराठीत आल्यावर अवग्रहाने पेशा बदलला. मुक्या अक्षराची राखण सोडून तो हाका मारायला लागला: 'आईऽऽ', 'अरेऽऽ', 'थांबऽऽ'. नाटकाच्या संहितेत तर त्याच्याइतकं घसा फोडून ओरडणारं कुणी नाही. अ‍ॅपॉस्ट्रॉफीला हे जमलं नसतं. ती अबोल ती अबोलच.

आता तिची दुसरी नोकरी, मालकी दाखवण्याची. 'राजाचा मुकुट' म्हणताना आपण 'चा' लावून मोकळे होतो. इंग्रज 'किंग'ला 'एस' लावतो आणि मध्ये हिला बसवतो. लोकांना वाटतं, ही वेगळीच कामगिरी आहे. तसं नाही. जुन्या इंग्रजीत 'किंग'चं षष्ठीचं रूप 'किंगेस'सारखं होतं. बोलता बोलता त्यातला 'ई' झिजून गेला. म्हणजे मालकी दाखवतानाही मुळात ती एका गेलेल्या अक्षराच्याच जागी बसली आहे. मधल्या काळात विद्वानांनी तिच्याबद्दल एक अफवा पसरवली होती, की हे 'किंग हिज क्राउन'चं, म्हणजे 'राजा, त्याचा मुकुट' याचं आखूड रूप आहे. ती अफवा सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात खोडून काढली. त्याचा मुद्दा साधा होता: 'बाईचं सौंदर्य' म्हणतानाही तोच 'एस' लागतो, मग तिथे पुल्लिंगी 'हिज' आला कुठून?

या नोकरीत मात्र ती लवकर स्थिरावली नाही. शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला मोठा संग्रह १६२३ साली छापला गेला, त्यात मालकी दाखवताना ती फार क्वचित भेटते. एकाची वस्तू असेल तर 'एस'च्या आधी आणि अनेकांची असेल तर 'एस'च्या नंतर, हा आज आपण मुलांना पाठ करायला लावतो तो नियम पक्का व्हायला अठरावं शतक उजाडून संपत आलं होतं. पण एकदा बसल्यावर तिने ती जागा फार मनापासून सांभाळली. ऑक्सफर्डमधलं 'क्वीन्स कॉलेज' १३४१ सालचं, तिसऱ्या एडवर्डची राणी फिलिपा हिच्या नावाने. राणी एक, म्हणून तिथे ती 'एस'च्या आधी बसते. केंब्रिजचं 'क्वीन्स कॉलेज' आधी मार्गारेट ऑफ अँजू या राणीने १४४८ मध्ये आणि मग एलिझाबेथ वुडव्हिल या राणीने १४६५ मध्ये उभं केलं. राण्या दोन, म्हणून तिथे ती 'एस'च्या नंतर. कानाला दोन्ही 'क्वीन्स'च. एका अक्षराभोवती इकडून तिकडे सरकून तिने तीन राण्यांचा इतिहास सांगितला, आणि तोही तोंडातून शब्द न काढता. एवढ्या कमी जागेत एवढं काम करणारं दुसरं चिन्ह मला माहीत नाही.

तिचं वागणं ज्यांना कधीच कळत नाही, त्यातले निम्मे 'इट्स'पाशी हरतात. मालकी दाखवायची तर ती हवी ना? मग 'त्याचं', 'तिचं' या अर्थाच्या 'इट्स'मध्ये ती का नाही? 'इट इज'च्या आखूड रूपातच का आहे? मराठी माणसाला हे खरं तर इंग्रजाआधी कळायला हवं. आपण 'रामचं पुस्तक' म्हणतो; 'मीचं पुस्तक' म्हणत नाही, 'माझं' म्हणतो. सर्वनामाला मालकीचं स्वतःचं रूप असतं, त्याला वेगळा प्रत्यय चिकटवावा लागत नाही. इंग्रजीतही तसंच: 'हिज', 'हर्स', 'यूअर्स', 'देअर्स' आणि त्यांच्याच पंगतीतला 'इट्स'. सर्वनामांच्या घरी ती मालकी सांगायला जात नाही. आपल्याकडे बहुतेकांची आणि तिची ओळख रेन आणि मार्टिनच्या व्याकरणातून झाली. यातले रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि त्यांनीच पुढे 'बो जेस्ट' ही गाजलेली कादंबरी लिहिली. पण हे मराठी उदाहरण कुठल्याही शिक्षकाने फळ्यावर एकदा लिहावं, वर्गातले निम्मे गोंधळ तिथेच मिटतील.

आणि कुणाचा गोंधळ झालाच तर त्याला हसू नका. १७८७ सालची अमेरिकेची राज्यघटना घ्या. चर्मपत्रावर सुंदर अक्षरात उतरवलेल्या त्या मूळ प्रतीत, पहिल्या कलमाच्या दहाव्या विभागात, मालकीच्या 'इट्स'मध्ये ती ऐटीत बसलेली आहे. त्या काळी तसं लिहिणं चालत असे. जेन ऑस्टिनच्या हस्ताक्षरातही ती तशी सापडते. १८०० च्या आसपास कधीतरी तिला तिथून उठवलं गेलं, आणि मग शतकभराने मास्तर मंडळी असं वागू लागली, जणू हा नियम सृष्टीबरोबरच जन्माला आला.

तिच्या नशिबाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे नकाशा. अमेरिकेत भौगोलिक नावं ठरवणारं मंडळ १८९० साली स्थापन झालं, आणि तेव्हापासून त्याने तिला जवळजवळ हद्दपार केलंय. कारण असं की ती नावात आली की जागा कुणाच्यातरी खासगी मालकीची वाटते. 'पाइक्स पीक' हे कोलोरॅडोतलं प्रसिद्ध शिखर, 'हार्पर्स फेरी' हे गाव, दोन्हीकडून तिला उतरवलं. अख्ख्या देशात पाच नावांना तेवढी सूट मिळाली. त्यात पहिलं 'मार्थाज व्हिन्यार्ड' हे बेट. तिथल्या लोकांनी हट्टाने भांडून १९३३ मध्ये तिला परत आणलं.

इंग्लंडात हे काम नगरपालिकांनी हाती घेतलं. बर्मिंगहॅमने २००९ मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवरून तिला काढायचं ठरवलं. केंब्रिजमध्ये २०१४ साली तसंच झालं, तेव्हा लोकांनी काळे मार्कर घेऊन पाट्यांवर तिला पुन्हा काढलं, आणि नगरपालिकेने माघार घेतली. २०२४ मध्ये नॉर्थ यॉर्कशायरची पाळी. हॅरोगेटमधल्या 'सेंट मेरीज वॉक'च्या नव्या पाटीवर कुणीतरी पेनाने ती रेघ ओढून गेलं. संगणकाच्या याद्यांमध्ये अशा चिन्हांचा त्रास होतो, हे अधिकाऱ्यांचं कारण. मला ते पटत नाही. शहराच्या नावात काय राहावं हे यादीच्या सोयीने ठरवू नये.

लंडनच्या भुयारी रेल्वेने तर निर्णयच घेतलेला नाही. हीथ्रो विमानतळावरून पिकॅडिली लाइनने शहरात जाणारे आपले लोक या दोन स्थानकांवरून जातात: आधी 'बॅरन्स कोर्ट', लगेच पुढे 'अर्ल्स कोर्ट'. अर्लकडे ती आहे, बॅरनकडे नाही. एकामागून एक येणारी स्थानकं, आणि खिडकीतून दोन्ही पाट्या पाहणारा कितीतरी वेळ विचार करत बसतो, की बॅरनने तिचं असं काय बिघडवलं होतं.

आणि आता ती दांडी. ब्रिस्टलमध्ये एक माणूस कित्येक वर्षं रात्री बाहेर पडत असे. २०१७ मध्ये बीबीसीच्या रेडिओने त्याची गोष्ट सांगितली, नाव मात्र झाकून ठेवलं. दुकानांच्या उंच पाट्यांवर हात पोचावा म्हणून त्याने लांब दांड्याचं एक हत्यार स्वतः बनवलं होतं. जिथे ती हवी तिथे चिकटवायचा, जिथे नको तिथे झाकायचा, आणि घरी जाऊन झोपायचा. लिंकनशायरमधल्या बॉस्टनचे जॉन रिचर्ड्स हे निवृत्त पत्रकार. त्यांनी २००१ मध्ये तिच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. त्याच वर्षी त्यांना साहित्याचं 'इग नोबेल' मिळालं. ते पारितोषिक आधी हसवतं आणि मग विचार करायला लावतं. २०१९ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकले असं सांगून त्यांनी संस्था बंद केली. ते २०२१ मध्ये गेले. संस्था पुढच्याच वर्षी दुसऱ्यांनी पुन्हा सुरू केली. जिच्यासाठी लोक असं उठून उभे राहतात, तिच्यात काहीतरी असणारच.

तिला नको तिथे ओढून नेणारेही कमी नाहीत. इंग्लंडात या दोषाला भाजीवाल्याचं नाव पडलं, कारण सफरचंदं आणि बटाटे यांचं साधं अनेकवचन लिहितानाही पाट्यांवर ती मध्येच येते. पण भाजीवाल्याला एकट्याला का धरायचं? सतराव्या-अठराव्या शतकात 'ऑपेरा'सारख्या स्वरान्त परक्या शब्दांची अनेकवचनं तिला घेऊनच लिहायची पद्धत होती आणि ती शिष्टसंमत होती. डच भाषेत तर आजही 'फोटो', 'पिझ्झा', 'बेबी' यांची अनेकवचनं अशीच लिहितात आणि शाळेत ती बरोबर धरतात. जर्मन लोक दुकानांच्या पाट्यांवरच्या तिला वर्षानुवर्षं मूर्खांची अ‍ॅपॉस्ट्रॉफी म्हणत आले. २०२४ मध्ये तिथल्या लेखननियमांनी दुकानाच्या नावापुरती तिला अधिकृत परवानगी दिली. 'रोझीज बार' आता जर्मनीतही ती मिरवू शकते.

आपल्याकडे तिचा मुक्काम हॉटेलच्या मेनूकार्डांवर, केशकर्तनालयांच्या काचांवर आणि सगळ्यात जास्त म्हणजे फ्लॅटच्या दारांवर. 'द कुलकर्णी’ज', 'द पाटील’स'. पितळी अक्षरं, सागवानी पाटी, आणि मध्ये ही. आता ही पाटी वाचणारी व्यक्ती विचारते: कुलकर्ण्यांचं काय? घर? दार? चपलांचं कपाट? वस्तूचं नाव नाही, म्हणजे मालकी हवेत. आणि 'एस'च्या आधी ती बसली, म्हणजे आत एकच कुलकर्णी राहतात, बाकीचे कुठे गेले? आत राहणारी मंडळी अनेक आहेत एवढंच सांगायचं असेल तर ती पाटीवर नको. नुसतं 'कुलकर्णी' तर त्याहून देखणं.

देवनागरीच्या वेशीवर मात्र ती थांबते. 'सेंट झेवियर्स', 'लेडीज', 'वूमेन्स': आपल्या लिपीत उतरताना ती मागे राहते आणि कुणाचंही अडत नाही. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी मराठीत विरामचिन्हं रुजवली, त्या वेळी स्वल्पविरामापासून उद्गारचिन्हापर्यंत सगळ्यांना इथे काम मिळालं. हिच्यासाठी जागाच नव्हती, 'चा-ची-चे' आधीच खुर्चीवर बसले होते. एका ठिकाणी मात्र मराठीने तिला घरचं मानलं: ’४२ ची चळवळ, ’७२ चा दुष्काळ. गळलेल्या '१९'च्या जागी ती चोख बसते. इथे तिची एक ऐट उघड होते. तिला तोंड कुठल्या दिशेला आहे याची फार पर्वा. वर्षाच्या आधी तिची शेपटी डावीकडे वळलेली हवी. पण मोबाइल आणि संगणक समजतात की अवतरण सुरू होतंय, आणि तिला उलटी फिरवून ठेवतात. शेकडो मराठी लेखांमध्ये ’४२ च्या आधी ती अशी पाठ करून उभी असते. मुद्रितं तपासणाऱ्यांना माझी विनंती आहे, तिला सरळ करा.

गोवा, वसई आणि मंगळुरूकडच्या लोकांशी तिचं नातं अधिक जवळचं. पोर्तुगीज 'द सौझा'मधला स्वर गेला आणि इंग्रजी लिखाणात 'डी’सोझा' झालं. तसेच डी’मेलो, डी’सिल्व्हा, डी’कुन्हा. मायदेशी पोर्तुगालमध्ये हे नाव बहुधा तिच्याविनाच लिहितात. इकडे मात्र ती आडनावाचा भाग झाली. आणि मग ऑनलाइन फॉर्म आले. 'विशेष चिन्हं चालणार नाहीत.' एका ओळखपत्रावर ती आहे, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर तिच्या जागी मोकळी जागा, आणि तीन कागदांवर तीन वेगळी माणसं. आयर्लंडच्या ओ’ब्रायन, ओ’नील मंडळींचंही हेच रडगाणं.

यामागचं कारण ऐकाल तर तिच्याबद्दलचा आदर वाढेल. डेटाबेसला आज्ञा देण्याच्या भाषेत मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे दाखवायला हेच चिन्ह वापरतात. 'डी' टाइप केला, मग ती आली, आणि यंत्र समजलं की नाव संपलं. उरलेला 'सोझा' त्याला हुकूम वाटतो. चोरट्यांनी हे बरोबर हेरलं. निष्काळजीपणे बांधलेल्या संकेतस्थळाच्या नावाच्या रकान्यात आधी ती टाकायची आणि तिच्यामागे आपला हुकूम, म्हणजे आतलं गुपित बाहेर. बऱ्याच वर्षांपासून या एका युक्तीने कितीतरी तिजोऱ्या उघडल्या. चांगला प्रोग्रॅमर तिला अडवत नाही. तिला मजकुराचाच भाग समजायला यंत्राला शिकवतो. तिला बंदी घालणारा फॉर्म दिसला की समजावं, आत कुणीतरी आपलं काम अर्धवट टाकलंय.

कोर्टातही तिची साक्ष होते. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये घरविक्रीच्या धंद्यातल्या एकाने फेसबुकवर दुसऱ्याबद्दल लिहिलं, की हा आपल्या 'एम्प्लॉइज'चा निवृत्तिनिधी भरत नाही. लिहिणाऱ्याचं म्हणणं, मी फक्त माझ्यापुरतं म्हणालो होतो. पण शब्दात ती नव्हती. ती 'एस'च्या आधी असती तर एक कर्मचारी. नाही म्हटल्यावर वाचणाऱ्याला सगळेच वाटणार, आणि सगळ्यांचे पैसे बुडवणं म्हणजे नियमित लबाडी. पोस्ट तासाभरात नव्हे तरी बारा तासांच्या आत काढून टाकली होती. अब्रुनुकसानीचा खटला तरीही न्यायालयाने पुढे चालू दिला.

शेवटचा, तिचा आजवर न मिटलेला तंटा. ज्या नावाच्या शेवटी आधीच 'एस' आहे, तिथे तिच्यानंतर आणखी एक 'एस' लावायचा की तिनेच निभवायचं? २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कॅन्सस राज्याचा एक खटला होता. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती थॉमस यांनी जास्तीचा 'एस' लावला नाही. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती सूटर यांनी लावला. निकालावर मतभेद होतेच, ते अक्षरावरही झाले. पुढच्याच वर्षी अर्कन्सॉच्या विधानसभेने ठरावच केला, की आमच्या राज्याच्या नावापुढे दुसरा 'एस' हवा, कारण पहिला उच्चारला जात नाही. २०२४ मध्ये कमला हॅरिस उभ्या राहिल्या आणि सगळ्या इंग्रजी जगात पुन्हा तोच वाद.

महाराष्ट्राला यात प्रेक्षक राहता येणार नाही. देवेंद्र फडणवीस २०१४ मध्ये मुख्यमंत्री झाले, तेव्हापासून मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांपुढे हा प्रश्न रोज संध्याकाळी उभा असतो, आणि दोन्ही तऱ्हा छापून येतात. त्यांच्यामागे रांगेत चिटणीस, सबनीस, पोतनीस, पारसनीस उभे आहेत, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या लेखणीवर जगलेली घराणी. शिवाय व्यास आणि दास. अमेरिकेतली मोठी वृत्तसंस्था असोसिएटेड प्रेस म्हणते, विशेषनाम असेल तर दुसरा 'एस' नको. मला उलट बाजू पटते: जे बोलता ते लिहा. 'सबनीसेस हाउस' असं तोंडातून येत असेल तर दुसरा 'एस' लावा, 'सबनीस हाउस' येत असेल तर लावू नका. जन्मभर कानाशी फटकून वागणारी ही बाई एवढ्या एका बाबतीत कानाचं ऐकायला तयार आहे. तुमच्या इमारतीत कुणी सबनीस राहत असतील तर त्यांनाच विचारून पाहा ते काय म्हणतात, आणि पाटीवाल्याकडे जायच्या आधी विचारा.